मेल्याशिवाय नवी नाही

माझ्या वहिनीला आमच्या आवारात 'सेल्फ' म्हणत. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी जी छोटी मोटार असते, तिला गॅरेजवाले सेल्फ म्हणतात, तोच हा. दादाच्या गाडीतला खरा सेल्फ म्हाताऱ्या बॅटरीमुळे नुसता कण्हायचा, म्हणून ते काम वहिनीकडे आलं होतं. रोज सकाळी ती खाली उतरायची, गाडीच्या मागे जायची, डिकीवर दोन्ही तळवे टेकायची आणि ढकलायची. दादा आत स्टिअरिंग धरून बसलेला. गाडीनं वेग घेतला की तो क्लच सोडायचा, गाडी एक आचका देऊन खोकत सुरू व्हायची आणि तशीच फाटकाबाहेर निघून जायची. थांबायची सोय नव्हती. थांबली तर बंद पडेल. धुराच्या मागे वहिनी उभी. एक चप्पल पायात, एक कुठेतरी मागे.

वरून कुणीतरी ओरडायचं, "सेल्फ एकदम कंपनीचा आहे हो!" लोक हसायचे. वहिनीही हसायची. मग चप्पल शोधून वर यायची.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ, हे मला माहीत आहे. तरी जे होतं ते होतं. आणि पैशाचा प्रश्न नव्हता, हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे गरिबीचे कढ काढत बसतील. त्याचं पेन्शन भरपूर होतं. व्यसन नव्हतं. कंजूष म्हणावा तर दानधर्म करायचा. त्याचा आजार वेगळा होता.

त्यानं उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. स्टोअरकीपर. तिथला नियम असा, की नवी वस्तू हवी असेल तर आधी जुनी, मेलेली वस्तू खिडकीवर आणून ठेवायची. फाटका हातमोजा द्या, नवा घ्या. झिजलेली कानस द्या, नवी घ्या. बल्ब लुकलुकतोय? मग मेलेला नाही, परत न्या. कामगार वैतागून लुकलुकता बल्ब पायरीवर आपटायचे आणि काचा वेचून आणायचे. दादाला कळायचं, पण तो निमूट नवा द्यायचा. कसा मेला हे विचारायचा नियम नव्हता. मेला का, एवढंच बघायचं.

माणूस रिटायर झाला, नियम घरी आला. उशी चपटी झाली तरी उशी होती. वहिनीच्या चष्म्याची एक काडी मोडली, तर म्हणाला, "दुसरी आहे ना?" वहिनीनं कानाला दोरा बांधला. मी एकदा केरसुणी बघितली, नुसती मूठ उरलेली. "हिनं तू झाडतेस?" "झाडते कसली वन्सं, कचऱ्याला धमकी देते," वहिनी म्हणाली. तिची जीभ तल्लख होती. नवऱ्यासमोर मात्र ती ठेवणीतल्या भांड्यासारखी आत असायची.

आणि ती बॅटरी. तिची जेवढी सेवा त्या घरात झाली तेवढी माझ्या आईची शेवटच्या आजारात झाली नव्हती. दर रविवारी दादा बॉनेट उघडून वाकायचा. एकेक बूच काढून आत डोकवायचा. पाणी प्लेटांच्या खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबानं भरायचा. दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमायची, ती सोडा घातलेल्या कढत पाण्यानं धुवायचा, जुन्या ब्रशानं घासायचा, कोरडं पुसायचा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात द्यायचा. वहिनीच्या टाचांना भेगा असायच्या, त्यातून रक्त यायचं. पण डबी बॅटरीची होती.

एवढंच नाही, बॅटरीच्या अंगावर त्यानं आपली आद्याक्षरं काढली होती. वहिनीच्या नखांच्या लाल रंगानं. गॅरेजात कुणी बदलू नये म्हणून. बाटली त्यातच संपली, आणि नवी काही आली नाही.

पण सेवेनं म्हातारपण परत जात नाही. आतल्या प्लेटा झडल्या होत्या. रात्रभर चार्जरला लावली की सकाळी हॉर्न वाजायचा, दिवे लागायचे. सेल्फ फिरवण्याइतका दम मात्र नसायचा. दादाचा निकाल ठरलेला: हॉर्न वाजतो, म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे, म्हणजे बदलायची नाही.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात. एकदा न राहवून खाली गेले.

"दादा, तू ढकल. अंगानं घोड्यासारखा आहेस. ती आत बसून क्लच सोडेल."

"तिला कुठं येतंय?"

"शिकव."

"आता? या वयात?"

"ढकलायला वय आड येत नाही, क्लच सोडायलाच येतं होय?"

"हे बघ," तो काच वर करत म्हणाला, "कॉलेजात आयुष्यभर शिकवलंस, तेवढं पुरे. सकाळी सकाळी माझा तास घेऊ नकोस."

सुरुवातीला आवारातले पुरुष हात लावायला यायचे. दादानंच बंद केलं. ते कसेही रेटतात, पत्र्याला पोचा येतो. हिचा हात बसलाय, म्हणाला. हे त्यानं चारचौघांत, कौतुकानं सांगितलं. आणि वहिनी, देवा, लाजली! बायकोला त्यानं उभ्या जन्मात दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र असावं.

दोघांना मिळून कुठे जायचं असलं तर आणखी मजा. ती चांगल्या कपड्यांत ढकलायची, तो फाटकाबाहेर जाऊन इंजिन घुमवत थांबायचा आणि हॉर्न वाजवायचा. ही अजून आली कशी नाही म्हणून.

मग वहिनीचं अंग बाहेर यायला लागलं. गर्भपिशवी खाली सरकली होती. आमच्या वयाच्या बायकांना हे व्हायचंच म्हणून ती गप्प बसली, कापडाची घडी लावून फिरायची आणि तशीच ढकलायची. मला कळलं ते ती माझ्या खुर्चीत बसता बसता अर्ध्यात थांबली तेव्हा. "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही वन्सं, जरा आत सारून बसते." मी हातातला कप खाली ठेवला आणि तिला तशीच दवाखान्यात नेलं. दादा सोबत आला. नवरा म्हणून यावं लागतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या. दादानं शांतपणे विचारलं, "पूर्ण बाहेर आलीय का?"

"म्हणजे?"

"नाही, थोडी आत असेल तर इतक्यात घाई कशाला, असं आपलं."

त्या बाईंनी दाराकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा." तो बाहेर गेल्यावर वहिनीला म्हणाल्या, "नीट ऐका. मी टाके घालून सगळं वर बांधून देईन. पण त्यानंतर जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. चार दिवस नाही, चार महिने नाही. कायमचं. परत खाली आलं तर दुसऱ्या वेळी ते काम फार अवघड होतं, आणि जमेलच असं मी सांगू शकत नाही. जन्मभर ते सांभाळत चालावं लागेल. कळलं?"

वहिनीनं मान हलवली. पायऱ्या उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, ढकलायचं नाही म्हणाल्या ना त्या? तुम्हीपण ऐकलंत ना?" एखाद्या पोरीला शाळेला सुट्टी मिळावी तसा तिचा चेहरा झाला होता.

ऑपरेशनला त्यांची मुलगी आली. दूर नोकरी करते. बापासारखीच कामाची, बुद्धी मात्र शाबूत. आई दवाखान्यात असताना तिनं पहिलं काम हे केलं, की बॅटरीवाल्याला बोलावून नवी बॅटरी बसवून घेतली. या धंद्यात जुनी बॅटरी दुकानदार घेऊन जातो, आतल्या शिशासाठी, ती गेली. संध्याकाळी दवाखान्यात जायला दादानं किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

तो काही बोलला नाही. रस्ताभर बोलला नाही. बायकोच्या खाटेशी बसून बोलला नाही. मला वाटलं, बरं झालं, वरमला. मीही आशावादी मूर्खच.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चल जरा बाजारात." गाडी सरळ बॅटरीच्या दुकानासमोर. मालक जाडजूड, गोड बोलणारा.

"माझी बॅटरी परत द्या. ही तुमची घ्या."

"काका, नवीत काही दोष?"

"दोष नाही. माझी मेलेली नव्हती."

"अहो काका, सगळे जुनी देऊन नवी नेतात. नवी देऊन जुनी मागणारं गिऱ्हाईक माझ्या बापानंही बघितलं नसेल. ती भंगारात टाकली हो मी."

"भंगार कुठंय?"

दुकानामागे मोकळी जागा होती. तिथे काळ्या बॅटऱ्यांचा ढीग, वास नाकात झोंबणारा. माझा भाऊ, जन्मभर इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस, त्या ढिगात उतरला. एकेक उचलून बाजू बघायचा आणि ठेवून द्यायचा. ॲसिड पँटवर उडालं, गुडघ्यावर भोकं पडली, तरी थांबला नाही. शेवटी लाल अक्षरं दिसली. त्यानं ती छातीशी धरून बाहेर आणली. मुलगी झाली तेव्हा हा दवाखान्यात फिरकला नव्हता, स्टोअरची तपासणी होती. म्हणून मी नीट बघून घेतलं, हा माणूस काही छातीशी धरतो तेव्हा कसा दिसतो ते.

बसवली. किल्ली फिरवली. खट्.

"आता?" मी विचारलं.

"जरा हात लाव."

"मी? हाड. रिक्षानं जाते मी." आणि गेले. दुकानातल्या माणसांनी त्याला ढकलत रस्त्याला लावला. हसत होती सगळी.

मुलीनं घर डोक्यावर घेतलं. "बाबा, आईला ढकलता येणार नाही, माहितीय ना?"

"तिला कोण सांगतंय? वॉचमन आहे."

"मग गाडी फाटकाजवळच्या उतारावर तरी लावा. आपोआप घरंगळेल, कुणाची गरजच नाही."

"त्या झाडाखाली? चिकट पडतं वरून. रंग जातो."

म्हणजे उतार होता. इतकी वर्षं होता. माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याच्या मात्र आलं होतं, आणि त्यानं रंगाच्या बाजूनं निकाल दिला होता. तोवर दवाखान्यातून घरी आलेली वहिनी खाटेवर पडून हे ऐकत होती. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलगी गेली. वॉचमननं काही दिवस ढकललं, मग त्याची पाळी बदलली. नवा वॉचमन सकाळी फाटक सोडायला तयार नव्हता, आणि लोकांना सांगायचं तर दादानंच त्यांना एकदा हाकललेलं. टाके अजून पुरते भरले नव्हते. मी खिडकीत उभी होते, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"अगं, ऐकलंस का? खाली ये जरा."

"मला मनाई आहे ना हो."

"ढकलू नकोस. कोण म्हणतंय ढकल? नुसता हात लाव. गाडी हलकी आहे, तुझ्या हाताची तिला सवय आहे."

मी खिडकीतून ओरडले, "वहिनी, खबरदार!" पण तोवर ती जिना उतरली होती. तीस-चाळीस वर्षांची खोड. हाक आली की पाय निघतात. तिनं हात टेकले. नुसता हात लावून गाडी हलत असती तर जगात कुणी घाम गाळला नसता. तिनं कंबर वाकवली, पाय रोवले. गाडी आचका देऊन सुरू झाली आणि गेली.

ती तिथेच उभी. दोन्ही मांड्या घट्ट जुळवून, सापाला बघितल्यासारखी न हलता. वरून कुणीतरी ओरडलं, "सेल्फ दुरुस्त होऊन आला वाटतं!" मी खाली पोचले तेव्हा तिच्या पायाशी फरशीवर रक्ताचे थेंब होते. ती मला म्हणाली, "गेलं वन्सं. सगळं परत खाली गेलं."

डॉक्टरीणबाई आमच्यावर चिडल्या, ते योग्यच. टाके उसवले होते. सूज उतरू दे, जखम भरू दे, मग पुन्हा बघू; होईल का, ते तेव्हाच सांगीन, म्हणाल्या. तोवर पिशवी वर धरून ठेवायला आत एक रिंग बसवून दिली. घरी आल्यावर दादा म्हणाला, "शिवण कच्ची होती." आणि जेवायला बसला.

त्या दिवसापासून वहिनी त्याच्याशी अगदी नीट वागायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भांडण नाही, रडणं नाही, धुसफूस नाही. फक्त सकाळी हाक आली की आतून उत्तर यायचं, "मला मनाई आहे." तोच सूर, तेच शब्द. दादा रोज गाडीनं जायचा त्या वाचनालयात आता पायी जाऊ लागला आणि रोज येऊन बॅटरी चार्जरला लावू लागला.

मग एका सकाळी तो न्हाणीघरात पडला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जिभेवर चिखल असल्यासारखं, पण समजायचं. दवाखान्यातून घरी आणला, पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. तिथून त्याला खाली उभी असलेली गाडी दिसायची.

घरी सोडताना त्याच्या डॉक्टरांनी वहिनीला बजावून सांगितलं होतं, "यांना दर थोड्या वेळानं या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. एकाच अंगावर पडून राहिले तर पाठीला जखमा होतात, आणि त्या वाईट."

"वळवायचं म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"खांद्याला आणि कमरेला हात घालून ढकलायचं."

"मग मला नाही जमणार," ती म्हणाली, "मला ढकलायला मनाई आहे."

सकाळ-संध्याकाळ एक माणूस ठेवला. तो यायचा, साफ करायचा, वळवायचा, जायचा. मधल्या वेळात दादा जसा ठेवला तसा. बाकी सेवेत वहिनीनं तसूभर कमी केलं नाही. हे मुद्दाम लिहिते. चमच्यानं पेज भरवायची, तोंड पुसायची, औषधं वेळेवर, नखं कापलेली, दाढी केलेली. ढकलावं लागत नाही असं एकही काम तिनं चुकवलं नाही. आणि तो "वळव गं, पाठ जळते" म्हणाला की शेजारी बसून, हातातलं विणकाम न थांबवता म्हणायची, "येईल हं माणूस संध्याकाळी."

मी आणि वॉचमन मिळून सापडेल तेव्हा त्याला वळवत असू. माझी स्वतःची कंबर धड नाही. पाठीला जखम झालीच. मी म्हटलं, "वहिनी, वास येतोय गं."

"येतोय ना," ती म्हणाली. "मी खिडकी उघडते." तिनं उघडली. खिडकी हलकी होती.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्या अवस्थेतही दादाचं एकच टुमणं: गाडी चालू करा, नाहीतर बॅटरी बसेल. कोण करणार? वहिनीला येत नव्हतं. त्यानंच शिकवलं नव्हतं. मला येत नाही. शेवटी त्याच्या समाधानासाठी वॉचमननं एकदा किल्ली फिरवून बघितली. खट् सुद्धा झालं नाही. हॉर्न दाबला, तोही मुका. दादा खिडकीतून बघत होता. वॉचमननं खालूनच हाताचे पंजे हलवून दाखवलं, संपलं. दादा वाकड्या तोंडानं म्हणाला, "आता नवी आणा." अगदी हक्कानं. मेली होती ना.

वहिनीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. "गाडीला आता नवी कशाला?" म्हणाली. "चालवतंय कोण?"

त्याच सुमाराला डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा तपासलं आणि सांगितलं, आता करता येईल. फार थांबलात तर मात्र मी हात लावणार नाही. हा शेवटचा मोका समजा. वहिनी घरी आली आणि खाटेशी उभी राहून नवऱ्याला सांगितलं. ती दवाखान्यात, मग पुढे बरेच दिवस अंथरुणावर. तेवढे दिवस त्यानं शुश्रूषाकेंद्रात जायचं.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू त्याला आता पटकन यायचं. डाव्या हातानं त्यानं तिची बोटं पकडली. "नको. मला तिथं नको टाकू. आधी मी जाऊ दे. मी गेल्यावर कर."

"बरं," वहिनी म्हणाली. "कधी जाणार ते सांगा, म्हणजे तशी तारीख घेते."

मी तिथेच होते. मी हसले नाही, पण आतून हसू आलं, हेही लिहिते. वहिनीनं आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली. त्याला जोर लागला नाही.

त्याला न्यायला केंद्राची गाडी आली तेव्हा त्यानं खाटेचा दांडा धरून ठेवला. दोन माणसांना तो सोडवावा लागला. वहिनी स्वयंपाकघरात त्याच्या गोळ्या पिशवीत भरत होती. पिशवी माझ्याकडे दिली, खाली आली नाही.

ऑपरेशन नीट झालं. या वेळी तिनं मनाई अक्षरशः पाळली, पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. मुलीच्या सांगण्यावरून घरात चक्क नवी केरसुणी आली, नवी उशी आली. दरम्यान भंगारवाला येऊन गाडी दोराला बांधून घेऊन गेला. वहिनीनं त्याला पुढच्या खोलीच्या खिडकीतून निरोप दिला. खाट तिथून केव्हाच हलवली होती. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. जिना एका दमात चढू लागली, खुर्चीत धाडकन बसू लागली. कुणी आता तिला सेल्फ म्हणत नव्हतं. म्हणणाऱ्यांना दुसरं काही सापडलं असेल.

मुलीचा मला फोन. "आत्या, बाबांना घरी कधी आणायचं? आई सरळ बोलत नाही. 'डॉक्टरांना विचार' म्हणते. तू बोल ना तिच्याशी."

बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे ठरवायला मी आधी त्याला भेटायला गेले. भाऊ तो भाऊ. मनात धरून गेले होते की त्याच्या तोंडून वहिनीसाठी एक शब्द निघाला, एक, बरी आहे का एवढाही, तरी त्या शब्दाच्या बळावर मी घरी जाऊन तिच्या पाया पडेन, दोन माणसं ठेवू म्हणेन, अर्धा भार मी घेईन म्हणेन.

लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेवर कुणाचा तरी बाप. दादा अर्धा झाला होता. मला बघून त्याचं तोंड हललं. मी कान जवळ नेला.

"गाडी चालू करतं का कुणी?"

"दादा, तुझी बायको ऑपरेशन होऊन घरी आली."

"हं. गाडी?"

मी थांबले. त्याला पुरेसा वेळ दिला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा पाणी मागत होता. त्याला पाजून आले. परत येऊन बसले.

"दादा, गाडी भंगारात गेली."

"बॅटरी?"

"बॅटरीसकट."

त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहू लागलं. दुसरा कोरडाच राहिला, त्या बाजूचं काही चालत नव्हतं. मी त्याचा गाल पुसला आणि उठले.

घरी आले तर वहिनी टेबलाशी संत्रं सोलत बसली होती. दोन फोडी माझ्यापुढे सरकवल्या. "काय म्हणत होते?"

"गाडीचं विचारलं."

"आणि?"

"आणि बॅटरीचं."

तिनं एक फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली. ती पुढचं विचारणार नाही असं मला वाटलं. पण विचारलं, फोडीकडेच बघत. "माझं?"

मी खोटं बोलू शकले असते. दोन अक्षरांचं काम होतं, आणि त्या दोन अक्षरांवर तो माणूस घरी आला असता.

"नाही," मी म्हटलं.

तिनं हात पुसले, फोन उचलला आणि मुलीला लावला. "अगं, त्या केंद्रवाल्यांना कळव," ती म्हणाली, "तिथली खाट आपल्याला कायमची हवी. खिडकीची नसली तरी चालेल."